सातूच्या मुळांतली वीज

टाकीतल्या पाण्याचा खारटपणा निम्म्यावर आला होता आणि तरीही सातूची रोपं माना टाकत होती. सुरंगी टाकीवर वाकून एकेक पातं बोटाने उचलून बघत होती.

सुरंगी राहायची तरंगवाडीत. जुनं गाव समुद्राखाली गेल्यावर लोकांनी मोठमोठे तराफे एकमेकांना जोडून ही वाडी वसवली होती. निम्मं समुद्राचं पाणी मिसळून सातू पिकवता आला, तर वाडी इथेच राहणार होती. नाहीतर सगळ्यांनी बिऱ्हाड उचलून घाटावर जायचं ठरलं होतं. सुरंगीच्या आईने बोचकी बांधायलाही घेतली होती. सगळी आशा या एका टाकीवर होती, आणि काल वादळाची एक लाट त्या टाकीत शिरून पाणी भलतंच खारट करून गेली होती.

ही रोपं लावणारी शास्त्रज्ञ म्हणजे सुरंगीची सायलीआत्या. ती सकाळीच, वादळात सुटलेले तराफे बांधायला निघून गेली. जाताना म्हणाली, "रोपांकडे बघ गो."

सुरंगीने बघितलं, आणि जरा जास्तच बघितलं. आभाळ भरलेलं असल्यामुळे सौरबॅटरीत थोडीच वीज उरली होती. ती सगळी तिने खाऱ्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्राला दिली आणि ते गोडं पाणी टाकीत सोडलं. टाकीच्या तळाशी हवा सोडणारा छोटा पंप मात्र तिने बंद केला. नुसते बुडबुडे काढणाऱ्या खेळण्यापायी वीज कशाला घालवायची?

आता बॅटरी रिकामी होती आणि रोपं मलूल.

"खारुताई, लवकर ये!" ती ओरडली.

खारुताई हा आत्याचा मांजराएवढा यंत्रमानव. लांब शेपटीमुळे पोरांनी त्याला हे नाव ठेवलं होतं आणि आता सगळे त्याला 'ती'च म्हणत. त्या शेपटीच्या टोकाला काचेची सुई होती, केसापेक्षाही कितीतरी बारीक. खारुताईने ती अलगद एका मुळाच्या पेशीत खुपसली.

"उणे सत्तर मिलिव्होल्ट (व्होल्टचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिव्होल्ट). सकाळी उणे एकशे तीस होतं. मुळांतल्या विजेचा जोर घसरतोय."

"मरतायत का ती?"

"अजून नाही. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, पेशीपटल. त्यात अतिसूक्ष्म पंप असतात. ते हायड्रोजनचे धनभारित कण (अधिक विजेचे कण) सारखे बाहेर फेकतात. अधिक बाहेर गेलं, तर आत काय उरेल?"

"उणे," सुरंगी घाईघाईने म्हणाली.

"बरोबर. आतल्या-बाहेरच्या विजेतल्या या फरकाला विभवांतर म्हणतात. अधिक आणि उणे एकमेकांना ओढतात. त्यामुळे पोटॅशियम, म्हणजे झाडाला लागणारं एक खनिज, आत ओढलं जातं. त्याचे कण अधिक भाराचे असतात ना!"

"आणि मिठातलं सोडियम?"

"त्याचे कणही अधिक भाराचेच. तेही आत घुसतं."

"मग ही वीज वाईटच की!"

"थांब जरा. बाहेर फेकलेले हायड्रोजनचे कण परत आत यायला धडपडत असतात. फळीच्या दोन टोकांवर दोघं बसले, की एक खाली येताना दुसऱ्याला वर उचलतो. तसाच हायड्रोजनचा कण आत येताना सोडियमला बाहेर ढकलतो. पण पंप मंदावले, की पोटॅशियम गळून जातं आणि सोडियम आतच ठाण मांडतं."

"पण मी तर मीठ कमी केलं! मग पंप का मंदावले?"

"ते पंप बॅटरीवर चालत नाहीत. मुळं अन्न जाळून त्यांना शक्ती देतात आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. मुळं श्वास घेतात, सुरंगी. पाण्यात विरघळलेल्या हवेतून."

सुरंगीने तळाच्या बंद पंपाकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. मिठाशी झुंजणाऱ्या मुळांचाच श्वास तिने बंद केला होता. आता आईला काय सांगायचं? वाडीला काय सांगायचं?

रडत रडतच ती धावली आणि रबरी होडीत हवा भरायचा पायपंप घेऊन आली. नळी टाकीत सोडून ती पंप दाबू लागली. बुडबुडे वर आले.

"उणे सहासष्ट," खारुताई म्हणाली. थोड्या वेळाने, "उणे त्रेसष्ट."

सुरंगीच्या पोटऱ्या भरून आल्या. तरी ती थांबली नाही.

"उणे सदुसष्ट."

"परत घसरलं?"

"नाही गं. उणेच्या घरात आकडा मोठा, तर जोर जास्त. चढतंय!"

आत्या परतली, तेव्हा सुरंगी घामाने आणि खाऱ्या पाण्याने निथळत होती. पंप न थांबवता तिने सगळं सांगून टाकलं. आत्याने खारुताईला आकडा विचारला. उणे एकशे दहा होता. मग तिने चपला काढल्या.

"सरक. आता माझी पाळी."

"रागाव ना मला."

"रागवायला दम लागतो. तो पंपाला ठेवते." आत्याने पाय मारायला सुरुवात केली. "ही मुळं इथे टिकली ना, तर त्यांच्याकडून शिकून उद्या सगळ्या खारवटलेल्या किनाऱ्यावर पीक उभं करू. पण आधी ऊन पडेपर्यंत हे बुडबुडे थांबायला नकोत. तू घरी जा, कोरडे कपडे घालून ये."

"कपडे बोचक्यात बांधलेत आईने."

आत्याने रोपांकडे पाहिलं. एक पातं हळूहळू ताठ होत होतं.

"मग सोड की ते बोचकं," ती म्हणाली.