विस्तवाचा कोनाडा

खरं वाटत नसेल तर इथंच थांबा. कुणाला पटवून द्यायची मला हौस न्हाई.

ज्या बाईसोबत हे घडलं ती तारा माझी मावशी. आईची सख्खी धाकटी बहीण. आणि शेवटचा भाग तर मी स्वतः समोर बसून पाहिलाय.

ही रात्रीची गोष्ट न्हाई, हे आधीच सांगते. अमावास्या न्हाई, वडाचं झाड न्हाई, पैंजणांचा आवाज न्हाई. अंबडच्या जुन्या पेठेत, चिंचगल्लीत, उजाडताना घडलेली गोष्ट आहे. बाया भाकरीचं पीठ मळत असतात त्या वेळेला. राज्य निजामाचं होतं.

चिंचगल्लीतली घरं मातीची, वर माळवद, म्हणजे मातीचंच सपाट छत. एका घराच्या तुळया दुसऱ्याच्या भिंतीवर टेकलेल्या. एक घर पाडलं की शेजारचं आपोआप खाली येणार, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ताराच्या शेजारी झुंबरबाई राहायची. एकटी विधवा बाई. दोघींच्या चुली एकाच भिंतीला, एक अल्याड, एक पल्याड. आणि मधल्या भिंतीत आरपार कोनाडा.

विस्तवाचा कोनाडा.

जिचा निखारा राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहिला, तिनं दुसरीला द्यायचा. मागायची रीत ठरलेली होती. फुंकणीनं भिंतीवर दोनदा टकटक करायचं आणि कोनाड्यात गोवरीचा तुकडा सरकवायचा. पलीकडची त्यावर निखारा ठेवणार, तुकडा परत सरकवणार. झुंबरबाईच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा, पण विस्तव मागताना ती एक शब्द बोलायची न्हाई.

मग पिलेग आला.

गल्लीत उंदीर पडायला लागले. लोकांनी घरं सोडली, गावाबाहेर रानात झोपड्या घातल्या. तारा पुढं गेली. तिचा नवरा जगन्नाथ घराची झाकपाक करून मागून आला. हा कचेरीत कारकून. साहेबापुढं इतकं वाकायचा की घरीही ताठ उभं राहायचं विसरला होता.

झुंबरबाईला एक पुतण्या होता, वामन. त्यानं गावाला सांगितलं, "काकूला बदनापूरला सोयऱ्याकडं नेऊन सोडलं. तिथंच गेली बिचारी."

तेरावं केलं. पंगतीला बुंदी होती. बदनापूरला कोण सोयरे, कुणाच्या खांद्यावरून गेली, कुणी विचारलं न्हाई. बुंदी चांगली झाली होती, एवढंच गल्लीच्या लक्षात राहिलं. असली ती गल्ली.

साथ ओसरल्यावर तारा घरी आली. बघते तर कोनाडा मातीनं लिंपलेला.

"उंदीर येतेत तिकून," जगन्नाथ म्हणाला. तिनं मान हलवली आणि पुढची पाच-सहा वर्षं काडेपेटीवर काढली.

मग एक दिवस वामनची स्वारी हैदराबादेहून आली. आता तो वामनराव झाला होता. अंगात शेरवानी, तोंडात अर्धी उर्दू, नाकाला अत्तराचा रुमाल. ज्या गल्लीत नागडा खेळला, तिचाच आता त्याला वास यायला लागला होता.

"ही काय घरं हायेत? बिळं हायेत बिळं," तो भर गल्लीत म्हणाला. "मी हुकूम आणलाय. पडीक घरं बिलकुल साफ करायची. आधी आमच्या काकूचं. मंग इथं दुमजली इमारत बांधतो, बघत राहा."

गल्लीच्या बाजूनं उठला कोण, तर रामराव. "जुनी घरं म्हणजे गावाची शान. यातलं एक ढेकूळ हलू देणार न्हाई." हा रामराव कधीच सडकेवरच्या कौलारू घरात राहायला गेला होता. ज्याला पावसाळ्याआधी माळवदावर माती ओढायची नसते, त्याला माळवदाचं फार प्रेम. दोन्ही बाजूंनी तास-दोन तास घसे कोरडे केले. ज्या बाईचं छप्पर जाणार होतं, तिला कुणी 'तुझं काय' म्हणून विचारलं न्हाई.

तिनंच दाराआडून विचारलं. "वामनराव, तुमची भिंत काढली की आमचं घर बसतंय. आमी राह्यचं कुठं?"

वामननं उत्तर जगन्नाथकडं बघून दिलं. "वैनीला समजावा जरा."

आणि जगन्नाथनं खरंच समजावलं. "वामनराव मोठ्ठे लोक हायेत. बघतील काहीतरी आपलं."

ताराला त्या क्षणी नवऱ्याची किळस आली. राग नव्हे. किळस. हे तिनंच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मजूर आले. त्यांचा मुकादम पुंजाराम. त्यानं कुदळ खाली ठेवली आणि रीत सांगितली. चूल थंड असलेल्या घरावर तशीच कुदळ घालत न्हाईत. शेजारून विस्तव घ्यायचा, चूल एकदा पेटवायची, दूध उतू घालायचं. मग घरच्या माणसानं राख उचलायची. मग पाडायचं.

"जाहिल लोक," वामन म्हणाला. पण मजूर हलेनात. शेवटी तो चिडून म्हणाला, "चला, करा तमाशा. वैनी, कोनाडा उघडा. मी आत जाऊन विस्तव घेतो."

वामन पलीकडच्या दाराकडं गेला. तारा चुलीपुढं बसली. तिनं उलथनं हातात घेतलं.

जगन्नाथ मागं उभा होता. "राहू दे ना. कोनाडा कशाला? बाहेरून देऊ की."

तिनं ऐकलं न्हाई. उलथन्यानं कडा मोकळी केली. लिंपण एकच खापा होऊन बाहेर आलं. तिनं ते उलटं करून जमिनीवर ठेवलं.

आणि...

लिंपणाच्या आतल्या बाजूला पाच बोटं उमटली होती.

ओल्या मातीत रुतलेली. पलीकडून दाबलेली. बाईची बोटं.

कोनाड्यात गोवरीचे तुकडे होते. एकावर एक, दाटीनं सरकवलेले. विस्तव मागायचे तुकडे.

तारानं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं.

"ती टकटक करून राह्यली होती," जगन्नाथ म्हणाला. "तिला गाठ आल्ती गं. वामननं भाईरून कुलूप घातलं. मला म्हणला, आवाज देऊ नको, भोक बुजव. मी तरी काय करणार?"

"विस्तव मागत होती ती," तारा म्हणाली.

"गाठ आल्ती तिला."

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? तारानं चिमट्यानं चांगला फुललेला निखारा उचलला, वरच्या तुकड्यावर ठेवला आणि तुकडा आत सरकवला.

पलीकडं अंधार होता.

"वामनराव, धरलं का?"



तुकडा सरकला. सावकाश. रोजच्या सवयीच्या हातानं ओढावा तसा. निखाऱ्याचा लाल ठिपका आत गेला, खाली गेला, दिसेनासा झाला.

मग फुंकणीचा आवाज आला. फू... फू...

तेवढ्यात तिच्या पाठीमागून, तिच्याच दारातून कुणीतरी म्हणालं,

"वैनी, जरा तेल द्या. कुलूप गंजलंय. उघडूनच न्हाई राह्यलं."

वामन होता. रुमाल नाकाला लावून उंबऱ्यात उभा.

बाहेर मजूर ओरडले. कुलूपबंद घराच्या माळवदातून, धूर जायच्या सवण्यातून, धूर निघत होता.

तेल घालून कुलूप उघडलं. आत बोटभर धूळ. धुळीत एकाही पावलाचा ठसा न्हाई. आणि चूल पेटलेली. कोपऱ्यात एक वाकळ पसरलेली होती. वाकळेत काय होतं, ते पुंजारामनं कुणाला सांगितलं न्हाई. दुपारी त्यानं ती तशीच गुंडाळून ओढ्याकडं नेली.

वामन म्हणत राहिला, "काकू बदनापूरला गेली. सगळ्या गावाला माहीत हाय." आणि गाव गप्प. बुंदी खाल्लेली तोंडं उघडणार कशी?

चुलीवर त्यांनी घागरभर पाणी ओतलं. विझली. दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा धूर. पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशीही धूर. पेटत्या चुलीच्या घरावर कुदळ घालायला कुणी तयार होईना. वामननं जालन्याहून मजूर आणले, तेही धूर बघून परत गेले. शेवटी तो स्वतःच हैदराबादेला निघून गेला.

घर वाचलं. रामरावनं हार घालून घेतला. म्हणे, माझ्यामुळं चिंचगल्ली वाचली.

तारा मात्र रोज सकाळी पीठ मळताना थांबायची.

टक... टक...

कोनाड्यात गोवरीचा तुकडा आलेला असायचा. ती निखारा ठेवायची. तुकडा आत जायचा. ती घाबरत नव्हती का? घाबरायची. पण डोक्यावरचं छप्पर त्या निखाऱ्यावर उभं होतं, हे तिला बरोबर कळलं होतं. जगन्नाथ त्या वेळी पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहायचा.

मग एका श्रावणात रात्रभर झड लागली. सवण्यातून पाणी चुलीत आलं. ताराचा विस्तव विझला. काडेपेटी सादळलेली. जगन्नाथची कचेरीची वेळ झाली, तो आत येऊन खेकसायला लागला. साहेबापुढं न निघणारा आवाज बायकोपुढं बराच निघायचा.

तिनं सवयीनं फुंकणी उचलली. भिंतीवर दोनदा टकटक केलं. गोवरीचा तुकडा सरकवला.

मग तिला कळलं आपण काय केलं ते.



आणि तुकडा परत आला. त्यावर निखारा. लालबुंद. पण तिनं हात जवळ नेला तर धग लागेना.

तरी चूल पेटली. भाकरीही भाजली. ताराची त्या दिवशी चतुर्थी होती. तिनं खाल्लं न्हाई. जगन्नाथनं खाल्लं, कोरड्यास कमी पडलं म्हणून कुरकुरतच खाल्लं.

संध्याकाळी तो थंडी वाजते म्हणून परत आला. रात्री ताप चढला. सकाळी काखेत गाठ.

त्या साली अख्ख्या तालुक्यात पिलेगाचा एक रोगी नव्हता.

जगन्नाथ आठवड्याच्या आत गेला. तारा रडली. चारचौघींत रडायला पाहिजे तेवढी रडली.

आता शेवटचं सांगते. हे मी पाहिलेलं.

अठ्ठेचाळीस साल. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या महिन्यात मी मावशीकडं आल्ते. सकाळची वेळ. आम्ही दोघी चुलीपुढं बसलो होतो. दारात कोण उभं राहावं? वामनराव. शेरवानी उतरली होती. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात खादी. रुमाल मात्र तोच. काल ज्यांना मुजरे घातले त्यांना आज शिव्या देत होता, आणि तोंड जराही वाकडं होत नव्हतं.

"वैनी, आता आपलं राज्य आलं," तो म्हणाला. "जुनं सगळं साफ करायचं. आता धूरबीर कुणी ऐकणार न्हाई. यंत्र आणून राह्यलोय मी. आठ दिवसांत घर रिकामं करा."

मला वाटलं मावशी भांडेल, रडेल. ती नुसती हसली. इतकं गोड हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"करते ना रिकामं," ती म्हणाली. "इतक्या लांबून आलात. बसा वामनराव. चहा टाकते. घेतल्याशिवाय जायचं न्हाई."

तो बसला. फुकटच्या चहाला तो कधी न्हाई म्हणाला असेल असं वाटत न्हाई.

मावशी चुलीकडं वळली. चूल चांगली पेटलेली होती. त्यावर आधणही ठेवता आलं असतं.

तिनं तांब्या उचलला... आणि पेटलेल्या चुलीत पाणी ओतलं.

मी काही विचारायच्या आत तिनं फुंकणी घेतली. भिंतीवर दोनदा टकटक केलं. गोवरीचा तुकडा कोनाड्यात सरकवला आणि परत आलेल्या लालबुंद निखाऱ्यावर चूल पेटवून आधण ठेवलं.

वामनरावची पाठ आमच्याकडं होती. तो माळवदाच्या तुळया मोजत होता.

चहा झाला. त्यानं बशीत ओतून, फुरके मारत, सगळा संपवला. वर म्हणाला, "अजून आहे का वैनी?"

तिनं त्याला अजून दिला.

मी माझा कप पुढं केला. मावशीनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि पालथा घातला.

"तुला न्हाई," ती म्हणाली. "तुझा आज उपास हाय."

माझा कसलाच उपास नव्हता.