हाल्वारची शिशाची गोळी

ऑगस्ट लागला की आमच्या स्वयंपाकघराचं टेबल अर्धंच माझं उरतं. एका टोकाला मी बटाटे सोलते आणि दुसऱ्या टोकाला हाल्वार, माझा नवरा, काडतुसं भरत बसतो. इतक्या वर्षांच्या संसारात एक बटाटा सोलला असेल तर शपथ, पण गोळी तराजूत घालताना श्वास रोखून धरील! प्रत्येक गोळीच्या बुडाला कानशीने तिरकी खाच पाडतो, म्हणजे मूस, आमच्या रानातलं घोड्याएवढं हरीण, कोणाच्या गोळीने पडला यावर उद्या कुणी वाद घालायला नको.

गेल्या वर्षी मात्र वाद घालायला मूसच सापडला नाही. हाल्वारची गोळी मूसच्या डाव्या खांद्यात बसली, ते अवाढव्य जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि दलदलीत शिरलं. आमची कुत्री बोस तळ्यापर्यंत माग काढत गेली आणि तिथे पोट जमिनीला टेकून बसली, ती उठेचना. जखमी जनावर सोडून घरी येणं म्हणजे आमच्या ग्रेसमीर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

शिकारी टोळीचा म्होरक्या टोर्ग्नी. त्याने यंदा बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "हाल्वार, तांब्याची गोळी घे. शिसं हाडावर आपटलं की त्याचा भुगा होतो. तांबं फुलासारखं उमलतं, पण तुटत नाही. नाहीतर सातवं मचाण सोड."

"तांबं आरपार निघून जातं," हाल्वार म्हणाला. "आपण मेलोय हे जनावराला कळतसुद्धा नाही."

"तुझ्या जनावराला तर अजून कळलेलं नाही!"

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि घरी आल्यावर मलाच माझी लाज वाटली. सातवं मचाण हाल्वारच्या वडिलांनी बांधलेलं. ते गेलं की हा माणूस खिडकीत बसून वाळून जाणार, हे मला दिसत होतं. पण हट्टी एवढा की काडतुसं शिशाचीच भरली.

मी जिल्ह्याची परिचारिका होते. सुरी चालवायचा हात आहे म्हणून जनावर सोलायचं काम टोळीने माझ्याच गळ्यात घातलंय. शिकारीच्या पहिल्याच दिवशी टोर्ग्नीने एक मोठा नर पाडला. कातडं ओढताना डाव्या खांद्याच्या फऱ्यावर माझ्या बोटांना गाठ लागली. जुनी, छान भरून आलेली. चिरली तर आत चपटी झालेली शिशाची गोळी! एक कड फाटक्या कानासारखी दुमडलेली, बुडाला तिरकी खाच.

हाल्वार तर नाचायचाच बाकी राहिला. "बघ! पोचली होती की नाही?"

"पोचली. आता पाहुणचार घेऊन परत आलीये," टोर्ग्नी म्हणाला.

म्हणजे हा गेल्या वर्षीचाच मूस. वर्षभर मनात सलत होतं, ते मिटलं. गोळी मी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकली आणि सोलायच्या शेडमध्ये खिडकीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात एक मादी पडली. डावा खांदा. गाठ. आत चपटी गोळी, फाटका कान, तिरकी खाच.

"गेल्या वर्षी तू किती गोळ्या झाडल्यास?" मी विचारलं.

"एकच. देवाशपथ, एकच."

खिडकीतल्या बरणीचं झाकण घट्ट होतं. आत काही नव्हतं.

मग जी काय जुंपली! टोर्ग्नी म्हणे, हाल्वारचा चावटपणा. हाल्वार म्हणे, मला मचाणावरून हाकलायचा टोर्ग्नीचा डाव. मी म्हटलं, दोघंही गप्प बसा, भरलेली जखम कुणाला आदल्या रात्री शिवून ठेवता येत नाही. एवढी वर्षं जखमा पाहिल्यात मी. गोळी घरी नेली, बरणीत घातली, झाकणावर इस्पितळातली चिकटपट्टी गुंडाळली आणि बरणी माझ्या कपाटात ठेवली.

तिसऱ्या वेळी पिल्लू होतं.

याच मे महिन्यात जन्मलेलं. मी कातडं सोडवलं आणि हात थांबला. टोर्ग्नीने वाकून पाहिलं आणि टोपी काढली. गेल्या सप्टेंबरात जी गोळी सुटली, ती या मे महिन्यात जन्मलेल्याच्या खांद्यात जुनी होऊन बसली होती.

घरी येऊन कपाट उघडलं. चिकटपट्टी जशीच्या तशी. बरणी रिकामी. पिल्लातून काढलेली गोळी मी पुन्हा तिच्यात टाकली, दुसरं काय करणार?

दुपारी हाल्वार न जेवता शहरात गेला आणि तांब्याच्या काडतुसांची पेटी घेऊन आला.

"शेवटी अक्कल आली म्हणायची," मी म्हटलं.

तो हसला नाही. "ती परत परत येतेय, आस्ता. कुणाला तरी शोधत असल्यासारखी."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. जेव."

हंगामाच्या शेवटच्या सकाळी तो तांब्याची काडतुसं खिशात घालून निघाला. निरोप देताना मी बोलून गेले, "नीट जा. शिकार चांगली होऊ दे."

त्याला न्यायला आलेल्या टोर्ग्नीचं तोंड उघडंच राहिलं. आमच्याकडे शिकारीला निघालेल्याला चांगलं कधी चिंतत नाहीत. 'वाटोळं होवो तुझं' म्हणायचं, म्हणजे रानाला पत्ता लागत नाही. हे शेंबडं पोरही जाणतं!

"वाटोळं होवो तुझं!" मी घाईघाईने ओरडले.

हाल्वारने मागे न बघता हात हलवला. रान अगदी शांत होतं.

त्याच्या एका गोळीत मूस जागच्या जागी बसला. तांबं आरपार गेलं होतं, भोक स्वच्छ. मी डावा खांदा इंच इंच चाचपला. गाठ नाही, काही नाही. टोर्ग्नीने त्याला मिठी मारली. "मचाण तुझंच रे, म्हाताऱ्या!" हाल्वारने डोळे पुसले, वर म्हणाला धुराने चुरचुरतायत. शेकोटीवर कॉफी झाली, आमच्या रिवाजाप्रमाणे त्यात चीजचे तुकडे पडले, सॉसेज भाजले. इतकी हसले मी त्या दिवशी!

घरी आल्यावर बरणी पाहिली. रिकामी. म्हटलं, बरं झालं, गेली एकदाची.

"आस्ता, जरा खांदा चोळ गं," हाल्वार सदरा काढून खुर्चीत बसत म्हणाला. "बंदुकीचा धक्का बसलाय वाटतं."

मी मलम घेतलं. त्याने डावा खांदा पुढे केला.

"तू बंदूक उजव्या खांद्याला लावतोस," मी म्हटलं.

"हो. मग?"

माझं बोट फऱ्यावर थांबलं. वर कातडी साफ, कुठे व्रण नाही. खाली काहीतरी टणक, चपटं. एक कड दुमडलेली.

"लागलं का काही?"

"नाही."

"सकाळी लवकर उठव हं. मचाणाची शिडी बदलायचीय, पुढच्या वर्षासाठी," तो म्हणाला, आणि बशीतला उरलेला सॉसेजचा तुकडा तोंडात टाकून चवीने खाऊ लागला.

मी मलम चोळत राहिले. त्यालाही अजून कळलेलं नव्हतं.