अठ्ठेचाळीसच्या पुढचा आवाज

काशीमीऱ्याच्या हंसाबेनचा पत्ता मी इथे देणार नाही. बाकी काहीच लपवत नाहीये. नावंसुद्धा खरी आहेत.

आणि यातलं काहीही मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. मी ते माझ्या कानांनी ऐकलंय.

१३ ऑगस्ट, बुधवार. दुपारचे सव्वातीन. भाईंदर पूर्वेला आमचा चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके.

बुधवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं. नवरा, कौस्तुभ, विमानतळावर कार्गोत आहे. पहाटेची शिफ्ट, त्यामुळे दुपारी तीनच्या आत घरी. जेवतो आणि बेडरूममध्ये गाणी ऐकत बसतो. हे लग्नाआधीपासूनचं वेड.

जुलैत त्याने एक जुना डॅक आणला. सेकंड हँड, हंसाबेनकडून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॅक म्हणजे एक डबा. इंटरनेटवरून गाणं आकड्यांच्या रूपात येतं, त्याचा आवाज हा डबा करतो. याच्या पुढच्या बाजूला तीन लाल दिवे होते. ३२, ४४ आणि ४८, म्हणजे सेकंदाला किती हजार आकडे येतात ते. गाणं ज्या आकड्याचं, तो दिवा लागणार. ४८ च्या पुढचं काही त्याला कळायचंच नाही, कारण तो बनला तेव्हा तसलं काही नव्हतंच.

आता कौस्तुभच्या कॉम्प्युटरवरच्या गाण्यांच्या ॲपवर सगळं हाय-रेझ, म्हणजे जास्त आकड्यांचं. ९६, १९२. ते लावलं की तिन्ही दिवे विझायचे.

आणि शांतता.

"सेटिंगमध्ये क्वालिटी कमी कर ना," मी म्हटलं.

"करता येते गं. पण मग पैसे कशाला भरायचे त्या ॲपचे?"

तो दोन-तीन दिवस खटपट करत होता. वायरी बदलल्या, कुठल्याशा ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, जुना डॅक आहे, होणार नाही.

मग त्याने विचारणं बंद केलं.

मला वाटलं, नाद सोडला.

पण तो रोज दुपारी हेडफोन लावून बसायचाच. एकदा चहा द्यायला गेले तर बघितलं... तिन्ही दिवे बंद होते.

"काय ऐकतोयस?"

खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

"काही नाही. असंच."

तुम्हीच सांगा, नवरा रोज दोन तास 'असंच' बसत असेल तर बाईच्या मनात काय येईल?

माझ्याही मनात तेच आलं.

त्यात अजून एक. तो माझं ऐकेनासा झाला. म्हणजे खरोखरच. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, तो शेजारी बसलेला. मी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून टेस्ट केली. रिपोर्ट नॉर्मल.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "घरी जरा गोड बोला."

मी हसले नाही. ऐकू येतंय आणि तरी ओ देत नाही, याचा अर्थ सरळ होता.

तर तो बुधवार. मी हॉलमध्ये लॅपटॉपवर. बेडरूमचं दार लोटलेलं.

आणि आतून आवाज आला. कौस्तुभचाच. दबका.

"हो... येतंय ऐकू."

मग थोड्या वेळाने...

"नाही... ती बाहेर आहे."

म्हटलं, सापडला. कोण आहे ती, आजच बघते. उठले, दारापर्यंत गेले...

आणि थांबले.

कौस्तुभचा मोबाईल माझ्या लॅपटॉपशेजारी चार्जिंगला लावलेला होता.

मग तो बोलत कुणाशी होता?

त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. मोबाईल तपासला. कॉल नाहीत, मेसेज नाहीत. त्याच्या बॅगा तपासल्या, कपाट तपासलं. दुसरा फोनही नाही.

पुढच्या बुधवारी मी त्याला मुद्दाम खाली पाठवलं. कोथिंबीर आणि दही. दार बंद झालं तशी आत गेले.

कॉम्प्युटरवर ॲप चालू होतं. स्क्रीनवर १९२. डॅकचे दिवे विझलेले.

मी हेडफोन लावले.

आधी काहीच नव्हतं. मग लक्षात आलं... काहीच म्हणजे खरंच काहीच नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचा आवाज नाही. खाली रिक्षांचे हॉर्न नाहीत. वरच्यांचं ड्रिलिंग सकाळपासून चालू होतं, तेही नाही. ते हेडफोन जाळीचे होते, त्यातून बाहेरचं सगळं ऐकू येतं.

तेव्हा येत नव्हतं.

मग कुणीतरी खुर्चीत सरकून बसावं तसा आवाज झाला. अगदी जवळ.

"कौस्तुभ?"

पुरुषाचा आवाज. म्हातारा. शांत.

मी हेडफोन कानाशी घट्ट दाबले.

"बोल ना... सुनाई देता है?"

मी गप्प.

मग तोच आवाज, जरा हळू...

"ये कौस्तुभ नहीं है."

मी हेडफोन फेकले. तेव्हा कुठे पंखा ऐकू आला. आणि दाराची बेलही. कौस्तुभ बाहेरून बेल वाजवत होता, पाच मिनिटं झाली म्हणे.

मला एकही बेल ऐकू आली नव्हती.

"कोण आहे तो?" मी दारातच विचारलं.

त्याने दह्याची पिशवी खाली ठेवली. नाही म्हणाला नाही.

"उत्तमभाई."

"नाव कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आधी वाटलं, कुठला तरी रेडिओ घुसतोय. पण ते माझं नाव घ्यायला लागले, रुची. फक्त विचारतात, ऐकू येतंय का. मी हो म्हणतो. एवढंच."

"आणि मी हाका मारते, त्या?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ओठ वाचावेत तसा.

"तू कधी हाक मारलीस?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तो शिफ्टला गेल्यावर डॅकच्या वायरी उपटल्या, पिशवीत भरला आणि रिक्षाने काशीमीऱ्याला गेले. गॅरेजच्या मागे जुनी बिल्डिंग आहे, तिथे तळमजल्यावर.

हंसाबेन साठीच्या असतील. पिशवीतला डबा बघितला आणि दारातच अडवलं.

"वापस नहीं लूँगी, बेन. पहले ही बोल देती हूँ."

"उत्तमभाई कौन है?"

त्यांनी दारावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मेरा भाई."

"कब गए?"

मला वाटत होतं, तो मेलेला माणूस आहे. भूत म्हणून मी मनाशी धरूनच चालले होते.

"कहाँ गए?" हंसाबेन म्हणाल्या. "अंदर बैठा है."

त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं.

खिडकीजवळ खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. कानाला काही नाही. समोर भिंत.

"उत्तम," हंसाबेननी जोरात हाक मारली. मग टाळी वाजवली, कानाशी. त्यांची पापणीही हलली नाही.

त्या सांगत होत्या. वीस वर्षं त्या डब्यावर गाणी ऐकली उत्तमभाईंनी, काही झालं नाही. गेल्या वर्षी भाच्याने इंटरनेटवाली नवीन गाणी लावून दिली. डब्यातून आवाज येईना. तरी ते हेडफोन लावून बसायचे. म्हणायचे, कुणीतरी बोलतंय. मग घरच्यांचं ऐकू येईनासं झालं. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत. शेवटी एका दुपारी जे बसले ते बसलेच.

"कौन बात करता था उनसे?"

"भगवान जाने. डब्बा हमने भी सेकंड हँड लिया था."

तेवढ्यात खुर्चीतले ओठ हलले.

"कौस्तुभ..." तेच. तोच आवाज. "आज नहीं आया."

हंसाबेननी माझ्याकडे बघितलं.

"महिना हो गया, ये नाम लेता है. हमारे में तो कोई कौस्तुभ नहीं. तुम जानती हो?"

माझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी विचारलंही नव्हतं कधी. मी मान हलवली. नाही म्हणाले.

खोटं का बोलले, अजून कळत नाही.

येताना हायवेच्या कडेला भंगारवाला होता. पिशवी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "इसको तोड़ देना."

तो म्हणाला, "हाँ हाँ, रख दो." मी तोडेपर्यंत थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला तिथून निघायचं होतं.

कौस्तुभ दोन दिवस बोलला नाही. मग आपोआप ठीक झाला. पंधरा दिवसांत हाकेला ओ द्यायला लागला. कुकर बंद करायला स्वतः उठला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता गाणी मोबाईलवरच ऐकतो. मी मुद्दाम समोर बसते.

सगळं ठीक आहे असं मी आईलाही सांगितलं होतं.

पण गेल्या बुधवारी दुपारी आम्ही जेवत होतो. त्याने घास हातात धरला आणि तसाच राहिला.

"रुची, महिपत कोण गं?"

"कुठला महिपत?"

"माहीत नाही. सारखं तोंडात येतंय."

एवढं बोलून तो जेवायला लागला. मी पुन्हा विचारलं तर म्हणाला, मी कधी बोललो असं?

आमच्या नात्यात महिपत नाही. त्याच्या ऑफिसात नाही. बिल्डिंगमध्ये नाही. मी सगळीकडे विचारलं. त्या भंगारवाल्याकडेही जाऊन आले. त्याला आठवत नाही, डबा तोडला की विकला.

म्हणून इथे लिहितेय.

तुमच्या ओळखीत महिपत नावाचं कुणी असेल आणि त्याने इतक्यात जुना डॅक घेतला असेल... तर फोन करू नका. घरी जा.

आणि त्याला मागून हाक मारून बघा.