निळी की चंदेरी

लंडनच्या ईलिंग ब्रॉडवेपासून दोन गल्ल्या आत राजीवभाऊंचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. जुन्या म्हणजे कशा? तर एकेक अशी, की सीटवर बसलेलं गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नाही. स्लाऊचा एक गृहस्थ सकाळी ‘जरा बसून बघतो’ म्हणाला, तो संध्याकाळी बायको शोधत आली तेव्हा घोरताना सापडला. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा.

त्या शनिवारी पाऊस नुसता भुरभुरत होता, आणि आवारात शेजारी शेजारी दोन लांबलचक सेडान उभ्या होत्या. एक गडद निळी, इंग्लिश. दुसरी चंदेरी, जर्मन. दोघी अशा दिमाखात, जणू राजवाड्याच्या दारातून थेट इथंच आल्या असाव्यात.

निळीत कल्याणी बसली होती. नागपूरची मुलगी, ब्रॅकनेलला आयटीत. नुकतंच प्रमोशन झालेलं, आणि आयुष्यात एकदा तरी कुणालाही न विचारता काहीतरी मोठं घ्यायचं असं ठरवून आलेली. स्टिअरिंगच्या मऊ चामड्यावरून बोटं फिरवता फिरवता ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून चंदेरीकडे बघत होती. गाडीकडेच बरं का! चंदेरीत कुणी कुरळ्या केसांचा तरुण बसलाय हे आपल्या लक्षातही आलं नव्हतं, असं ती आजही शपथेवर सांगते.

इतक्यात राजीवभाऊ लिंबांची टोपली घेऊन आले. आपल्याकडचं माणूस दिसलं की त्यांना राहवत नसे. सौदा लांबच, टेस्ट ड्राइव्हच्याही आधी ते चाकांखाली लिंबं मांडायला लागले. आधी निळीच्या, मग चंदेरीच्या...

एकाच क्षणी दोन्ही गाड्यांच्या काचा खाली सरकल्या.

“अहो भाऊ, नको—”

“अंकल, प्लीज, नको—”

दोघंही थबकले. एकमेकांकडे पाहिलं.

“आमच्याकडे नाही करत हे,” कल्याणी म्हणाली.

“आमच्याकडे पण नाही,” तो म्हणाला. मग जरा अंदाज घेत, हळूच, “...जय भीम?”

“जय भीम,” म्हणताना तिला आपसूक हसू फुटलं.

“आता या लिंबांचं मी करू काय?” राजीवभाऊ हिरमुसले.

“सरबत करा, अंकल. चाकाखाली वेस्ट होतो ना लिंबू.”

त्याचं नाव सम्यक. जन्म ईलिंगचाच. मराठी आईकडून शिकलेला, पण त्या मराठीतले ‘तो-ती-ते’ बहुधा विमानातच राहून गेलेले.

“तुला कुठला गाडी पाहिजे?” त्यानं विचारलं.

“निळी.”

“ओह. मला पण निळा.”

“मग चंदेरीत का बसलायस?”

“निळ्यात तू बसलीस ना.”

 तिनं उगाच वायपर लावून पाहिला.

पुढच्या पाच मिनिटांत कळलं ते असं, की सम्यकला एडिंबर्गच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली होती, आणि पुढच्या रविवारी त्याला निघायचं होतं. गाडी घ्यायची, सामान भरायचं आणि सरळ उत्तरेला. कल्याणीला एकदम वाटलं, एडिंबर्ग फार म्हणजे फारच लांब आहे. सकाळपर्यंत ते कुठंही असतं तरी तिचं काही बिघडत नव्हतं.

“दोघांनाही दोन्ही बघायच्यात ना?” राजीवभाऊ म्हणाले. “मग एकत्रच बघा. माझं पेट्रोल वाचेल.” आणि ते निळीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले; स्टिअरिंगवर कल्याणी होतीच. गाडी हँगर लेनला लागते न लागते तोच ते गाढ झोपले. सांगितलं होतं ना, त्या सीटच तशा!

“तू बाबासाहेबांचा घर पाहिलास, कॅमडेनचा?” सम्यकनं विचारलं.

“अजून नाही रे.”

“काय? लंडनमध्ये येऊन? चल. लेफ्ट घे.”

अशा रीतीनं ती टेस्ट ड्राइव्ह किंग हेन्रीज रोडवर जाऊन थांबली. संध्याकाळ झाली होती, घर बंद झालं होतं. दोघं फुटपाथवर उभे राहून खिडक्यांकडे बघत राहिले. सम्यकनं छत्री उघडली. परत गाडीत बसताना कल्याणीनं पाहिलं – आपण कोरडी ठणठणीत, आणि याचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत निथळतोय.

“छत्री धरता येत नाही का तुला?”

“येतो ना. आज नीटच धरला होता.”

त्या रात्री तिला फक्त गाड्यांची स्वप्नं पडली, असंही ती शपथेवर सांगते.

मग सुरू झाला एक विलक्षण आठवडा. कल्याणी ऑफिस सुटलं की ब्रॅकनेलहून धावत ईलिंग गाठायची. सम्यक तिथं असायचाच. तो म्हणाला निळी, की ही म्हणे निळी. त्यानं उदार मनानं चंदेरी पसंत केली, की हिला चंदेरी आवडलीच. बॉनेट उघडायचं, मिटायचं. गरम होणाऱ्या सीट गरम करून बघायच्या, गार करायच्या. एमओटीचे, म्हणजे वार्षिक तपासणीचे, कागद वाचायचे आणि ‘उद्या सांगते’ म्हणून निघायचं.

“अगं बाई, परवा तू चंदेरीला आगबोट म्हणालीस,” राजीवभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले.

“आज आवडली, भाऊ. माणसाचं मत बदलतं.”

तिचा हिशेब साधा होता. गाडी मिळाली की हा निघाला. आणि मिळालीच नाही तर...?

गुरुवारी मात्र सम्यकनं घोटाळा केला. “कल्याणी, तू शनिवारी एक घे. कुठला पण. जो राहील तो मी घेतो.”

झालं. आता निळी घेतली तर हा चंदेरीतून जाणार, चंदेरी घेतली तर निळीतून. शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये सँडविच तसंच ठेवून तिनं राजीवभाऊंची वेबसाइट उघडली आणि निळी ‘रिझर्व्ह’ केली. मग पान खाली सरकवलं... आणि तिनं चंदेरीही रिझर्व्ह करून टाकली.

शनिवारी दोन्ही गाड्यांच्या काचांवर ‘रिझर्व्ड’च्या पाट्या होत्या. सम्यक त्यांच्यासमोर भिजत उभा होता. ऑफिसच्या काचेच्या दाराआड राजीवभाऊ चहाचा कप घेऊन, जणू आपण तिथं नाहीच असे.

“दोन्ही गेला,” कल्याणी जवळ येताच तो म्हणाला.

“दोन्ही मीच घेतल्यात.”

“दोन्ही? का?”

“एक चालवायला.”

“आणि दुसरा?”

“दुसरी...” तिनं नजर बुटांवर नेली. “तू नेऊ नयेस म्हणून.”

त्यानं आधी निळीकडे, मग चंदेरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कल्याणी, माझा सगळा सामान मंगळवारीच गेला. व्हॅननी. उद्याचा ट्रेनचा तिकीट पण आहे.”

“मग रोज इथं कशाला येत होतास?”

“तू येत होतीस.”

“आणि मी वेड्यासारखी ब्रॅकनेलहून धावत—”

“हो. नाक लाल व्हायचा तुझा. छान दिसायचा.” त्यानं केसांतलं पाणी झटकलं. “रोज एक सांगायचा होता. मग तू म्हणायचीस चंदेरी, आणि मी विसरायचो.”

“काय सांगायचं होतं?”

“मला तू आवडतेस.” मग घाईघाईनं, “बरोबर आहे ना? आईला विचारून आलोय. ती म्हणाली, मुलगी कुठली? मी म्हटला, निळ्या गाडीतली.”

कल्याणी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पाऊस होता म्हणून निभावलं.

“जाणार मात्र आहेसच.”

“नोकरी घेतलीय. जावा लागेल.”

“तिकीट रद्द कर. उद्या मी सोडते तुला.”

“आणि मग तू परत...?”

“पुढच्या आठवड्यापासून सोमवार-मंगळवार मी घरून काम करणार आहे. घर कुठं असावं, हे कंपनीनं अजून विचारलेलं नाही.” तिनं काचेच्या दाराकडे पाहिलं. “भाऊ, बाहेर या. एक गाडी सोडतेय.”

राजीवभाऊ चहा सांडतच धावले. “कुठली? कुठली सोडतेस?”

“चंदेरी.”

“अगं, लांबच्या रस्त्याला तीच बरी. एडिंबर्ग म्हणजे सात-आठ तास. निळीत काय एवढं पाहिलंस?”

“चंदेरीत दोन सीटच्या मधला आर्मरेस्ट फार रुंद आहे,” कल्याणी गंभीरपणे म्हणाली. “आणि निळी ऑटोमॅटिक आहे, भाऊ. डावा हात मोकळा राहतो.”

राजीवभाऊंना काही केल्या उलगडा होईना. सम्यकचे कान मात्र तेवढ्या गार पावसातही लालबुंद झाले.