जोडपास

गणिताच्या बाईंच्या हातून मोजण्यात चूक झाली ती आयुष्यात एकदाच, आणि तीही स्टेशनच्या खिडकीवर. पाहुण्यांसाठी असतो तो सात दिवसांचा पास काढायला त्या रांगेत उभ्या होत्या. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "किती जण?" आणि बाई म्हणाल्या, "दोन."

एकेचाळीस वर्षांची सवय होती ती. बाईंचे यजमान पोटासाठी चष्म्याची भिंगं घासायचे. तिकीट काढायचं खातं मात्र कायम बाईंकडे, कारण यजमान रांगेत मागच्या प्रत्येकाला "या, तुम्ही व्हा पुढे" म्हणायचे आणि गाडी निघून जायची. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते, पण जिभेला हे कुणी कळवलं नव्हतं.

"अगं मावशी, हा जोडपास झाला," भाची म्हणाली. बाई तिच्याकडेच आठवडाभर राहायला आल्या होत्या. "हा दोघांनी मिळून वापरायचा असतो."

एकदा निघालेला पास बदलून मिळत नव्हता. "एकट्यानं वापरला तरी चालतो हो," खिडकीतला माणूस म्हणाला. "फाटक दोनदा उघडेल. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही, तर वीस सेकंदांनी भोंगा वाजून बंद होईल. दचकू नका म्हणजे झालं."

शहराचे पाच झोन होते आणि पास पहिल्या तीन झोनांत चालणार होता. तिसरा झोन नदीवरच्या पुलाशी संपायचा. पुढं जायचं तर अलीकडच्या स्टेशनावर उतरून वेगळं तिकीट काढायचं. बाईंनी नियमांचा कागद दोनदा वाचला. परीक्षेला बसल्यासारखा वाचला, असं भाची हसून म्हणाली.

पहिल्या सकाळी पास टेकवताच फाटक उघडलं, बाई पलीकडे गेल्या, फाटक मिटलं. मग ते पुन्हा उघडलं. बाई उगाचच थांबून मोजू लागल्या. नऊ सेकंद झाले आणि फाटक मिटलं. भोंगा वाजला नाही.

यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला. पण संध्याकाळी दुसऱ्या स्टेशनावर आठ सेकंद झाले. दुसऱ्या दिवशी, जिथं लांबलचक जिना चढून फाटकाशी यावं लागतं, तिथं चौदा. जिथं सरकता जिना होता तिथं सात. बाईंनी वहीत आकडे मांडले, सरासरी काढायला घेतली आणि मध्येच थांबल्या. यजमानांचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. जिना चढून आले की ते कठडा धरून जरा टेकायचे आणि म्हणायचे, "तू हो पुढे, मी आलोच."

बाईंनी वही मिटून टाकली.

तिसऱ्या दिवशी गाडी खचाखच भरली होती, तरी त्यांच्या शेजारच्या जागेवर कुणी बसेना. हातात पिशव्या घेतलेले एक गृहस्थ जवळ आले, जागेकडे पाहून घुटमळले. "इथं कुणी बसलंय का?"

"हो," बाई म्हणाल्या.

गृहस्थांनी मान डोलावली आणि ते पुढं गेले. बाईंना एकदम भरून आलं. खिडकीबाहेर घरं मागं पडत होती आणि शेजारून भिंगं घासण्याच्या ओल्या भुकटीचा वास येत होता. कितीही साबण लावला तरी यजमानांच्या बोटांवरून तो कधी जायचा नाही. बाई हळू आवाजात बोलू लागल्या. चौदा महिन्यांचं साठलेलं होतं. नळ दुरुस्त करून घेतला, शेजाऱ्यांकडे नात झाली, तुमची हत्यारं मी अजून कुणाला दिलेली नाहीत. त्या दिवशी तपासनीस आला, त्यानं पास पाहिला, बाईंकडे पाहिलं, शेजारी पाहिलं आणि "ठीक आहे" म्हणून पुढं गेला.

सहाव्या संध्याकाळी भाचीनं भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"मावशी, आमच्या दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यातल्या एकीनं तुला गाडीत पाहिलं. कुणाशी बोलत होतीस?"

"ह्यांच्याशी."

"काका नाहीत गं आता." भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू अशी वागलीस तर मी तुला तिकडं तुझ्या घरी एकटी कशी राहू देऊ?"

बाईंना फार लाजल्यासारखं झालं. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर तसंच राहून जावं, तसं. आपलं वेड त्या पोरीच्या गळ्यात घालायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तरी एक इच्छा राहिलीच. यजमानांना एकच खुळ होतं. कुठल्याही गावी गेलं की ते म्हणायचे, "एकदा शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ या." दर वेळी बाई विचारायच्या, "तिथं काय ठेवलंय?" आणि अर्ध्यातून परत फिरायच्या. ते एवढंसं मागणं एकेचाळीस वर्षांत आपण एकदाही पुरं केलं नाही, हे बाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं. सातव्या दिवशी, भाची कामावर गेल्यावर, त्या निघाल्या.

पुलाअलीकडच्या स्टेशनावर त्या उतरल्या. खिडकीत सर्दीनं नाक लाल झालेला कारकून होता.

"शेवटच्या स्टॉपला. किती जण?"

बाईंच्या ओठांवर तोच आकडा आला होता. भाचीचा चेहरा आठवला. मनावर दगड ठेवून त्या म्हणाल्या, "एक."

गाडी आली. बाई बसल्या. दार लागायच्या आत एक जाडजूड बाई धापा टाकत आली आणि काही न विचारता शेजारच्या जागेवर बसली.

पूल लागला. ओल्या भुकटीचा वास नव्हता.

तपासनीस आला. त्यानं पास पाहिला, नवं तिकीट पाहिलं.

"जोडपास आहे. दुसरे कुठे?"

बाईंनी शेजारच्या जाडजूड बाईकडे पाहिलं.

"त्यांचं पुढचं तिकीट काढलं नाहीत का? मग मागंच राहिले असतील," तो म्हणाला. "बिनतिकिटाचं पुढं येता येत नाही."

पुढच्याच स्टेशनावर बाई उतरल्या. परतीची गाडी यायला अकरा मिनिटं लागली. त्यांनी ती मोजली नाहीत, घड्याळानंच मोजली.

अलीकडच्या फलाटावर बाक रिकामा होता. बाई जवळजवळ धावतच खिडकीशी गेल्या. कारकुनानंच नाक पुसत विचारलं, "त्या गृहस्थांच्या तुम्हीच का?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"गेले की ते. तुमच्या गाडीनंतरच्या गाडीनं. आधी बराच वेळ बाकावर गुडघा चोळत बसले होते. मग दोन तिकिटं काढली. रांगेत चार जणांना पुढं सोडलं, तेव्हा कुठं त्यांचा नंबर लागला."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

"एक तुमच्यासाठी ठेवून गेलेत." त्यानं काचेखालून तिकीट सरकवलं.

"मग मी ही येणारी गाडी धरते."

"आज नका जाऊ," कारकून म्हणाला, फार मऊ आवाजात. "ह्याच्यावर आजची तारीख नाही."

बाईंनी यजमानांनी घासलेला चष्मा नाकावर चढवला. शेवटचा स्टॉप. एकेरी. दिवसाची जागा कोरी होती, महिन्याचीही.

वर्ष मात्र छापलेलं होतं.

बाईंनी त्यातून चालू वर्ष वजा केलं. बिनहातच्याची, सोपी वजाबाकी होती. एका हाताची बोटं पुरली, आणि दोन उरलीही.