पाण्यावरून घेतलेलं नाव

त्या शनिवारी मी टॉर्किलमामाच्या होडीत बसले ती निव्वळ कामासाठी. स्कॉटलंडमधल्या आमच्या लुइस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आमच्या गेलिक भाषेतली नावं नव्या नकाशासाठी टेपवर घ्यायची होती. तिथे प्रत्येक खडकाला, समुद्र आत शिरलेल्या प्रत्येक घळीला नाव आहे, पण कडे इतके सरळसोट की जमिनीवरून त्यातलं काही दिसत नाही. ती नावं ओळीने ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, माझ्या आईचा चुलतभाऊ. वय एक्क्याऐंशी, दात चार आणि जिभेला हाड नाही.

"हा शिंपल्यांचा खडक. ते म्हातारीचं टोक. आणि एफी, ते यंत्र पायाशी ठेवू नकोस. भिजलं तर मी पुन्हा सांगायचा नाही हं."

दुपार स्वच्छ होती. टेपमध्ये घरघर नको म्हणून मामाने इंजिन बंद करून वल्ही घेतली होती. एका काळ्याशार घळीसमोर तो गप्प झाला.

"आणि ही?"

"ही घरी सांगतो. चहा पिताना."

कारण मला माहीत होतं. आमच्याकडे माणूस ज्या घळीत बुडतो तिला त्याचं नाव पडतं. ते नाव जमिनीवर खुशाल घ्यावं, पाण्यावरून घेऊ नये. पाण्यावरून घेतलं की ती हाक होते. या घळीत मामाचा धाकटा भाऊ इव्हर एकोणिसाव्या वर्षी गेला होता.

हे सगळं माहीत असून मी हट्ट धरला. नकाशा करवून घेणाऱ्या ग्लासगोच्या साहेबांना दाखवायला मला नावांची रांग अखंड हवी होती. "मामा, एवढी वादळं अंगावर घेतलीस आणि एका नावाला भ्यालास?" असं मी म्हणाले, तेही हसून. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्याने वल्ही पाण्याबाहेर घेतली. मग घळीकडे तोंड करून हलकेच म्हणाला, "इव्हरची घळ."

काही झालं नाही. फक्त कड्यावरचे पक्षी गप्प झाले आणि होडीत ओल्या लोकरीचा वास आला. आमच्या दोघांचेही स्वेटर कोरडे होते.

"ऐकलंस?" मामाने विचारलं.

"काय?"

"काही नाही... चल पुढे."

पुढे एक लहानशी घळ लागली. आत वाळूचा पट्टा, पाणी निवांत. "हिचं काय नाव?" मी विचारलं.

मामा जरा थांबला. "हिला नाव नाही," तो म्हणाला. "इथे कधी काही घडलंच नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्याकडे दोरीवरचे कपडेसुद्धा कुणी काढत नाही, होडी तर दूरच. सगळं गाव चर्चमध्ये असताना मामाने होडी पाण्यात लोटली. पाय मोडून घरी बसलेल्या शेजारणीने खिडकीतून पाहिलं.

"चांगला काळा कोट घातलेला," ती मला म्हणाली. "मी ओरडले, टॉर्किल, आज देवाचा वार ना रे? तर म्हणतो कसा, एकटा किती दिवस थांबेल तो..."

होडी त्या निवांत घळीत सापडली. वल्ही नीट आत घेतलेली होती. मामा सापडला नाही. हिवाळा लागेपर्यंत लोक तिला टॉर्किलची घळ म्हणू लागले.

नकाशावर ते नवं नाव मलाच लिहायचं होतं. त्याचा जीव माझ्या हट्टापायी गेला, निदान नावं तरी राहोत, म्हणून फेब्रुवारीत मी ती टेप ऐकायला बसले. माझा प्रश्न आला, "हिचं काय नाव?" मग मामा थांबला होता तेवढी शांतता यायला हवी होती.

तिथे एक कोवळा आवाज आहे, यंत्राच्या अगदी जवळून. तो म्हणतो, "टॉर्किलची घळ."

आणि मग मामा म्हणतो, "हिला नाव नाही." त्या दिवशी मला वाटलं होतं, तो माझ्याशीच बोलतोय.