बिनदाण्याचं गिऱ्हाईक

"शेंगदाणे नसलेलं काय मिळेल?"

"पाणी," ती मान वर न करताच म्हणाली.

दुपारची गर्दी नुकती ओसरली होती आणि ती शेवटचं टेबल पुसत होती. कोणी हसलं नाही, म्हणून तिनं वर पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातांवर ग्रीसचे डाग. शेजारच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होता म्हणे.

"थट्टा नाही हो," तो म्हणाला. "एक दाणा पोटात गेला तरी घसा सुजतो माझा. श्वास घेता येत नाही."

"मग थाई हॉटेलात कशाला आलात? इथं निम्म्या पदार्थांत दाण्याचं कूट असतं."

"वास छान येत होता…"

येत होता खरा. गवती चहाचा आणि उकळत्या नारळाच्या दुधाचा. तिला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली. हॉटेल तिच्या मावशीचं होतं. मावशी रांधायची, ती वाढायची. तिनं वेगळी कढई काढली, स्वतः घासली आणि मावशीच्या शेजारी पहारेकऱ्यासारखी उभी राहून बेसिलचा परतलेला भात करून घेतला.

तो जेवायला बसला तरी ती हलेना.

"काय बघताय?" त्यानं विचारलं.

"श्वास चालू आहे का ते."

"आत्तापर्यंत चालू होता," तो तिच्याकडे बघत म्हणाला. "आता जरा…"

"अहो!"

"तिखट आहे, एवढंच म्हणत होतो."

तेव्हापासून तो दर आठवड्याला येऊ लागला. मावशीनं त्याचं नावच पाडलं — बिनदाण्याचा. तो आला की ती कढई घासायची, आणि मावशी तिच्याकडे बघून गालात हसायची.

"लिफ्ट अजून बंदच का?" तिनं एकदा विचारलं.

"चालू झाली. पण लक्ष ठेवावं लागतं."

"लिफ्टवर?"

त्यानं भातात डोकं खुपसलं. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

मग तो रविवार आला. मोठ्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस, बाहेर लोक ताटकळत उभे, एका टेबलावर सूप गार आलं म्हणून आरडाओरडा. तो आला, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या छोट्या टेबलावर बसला आणि नेहमीची ऑर्डर दिली.

"मावशी, बिनदाण्याचा आलाय! कढई मी घासते, थांब हं—"

तेवढ्यात वाढदिवसाच्या टेबलावर सरबताचा जग उलटला. ती फडकं घेऊन धावली. परत आली तोवर भाताची प्लेट तयार होती.

"कढई घासलीस ना?"

"घासली गं! ने लवकर, अजून किती जण खोळंबलेत!"

तिनं प्लेट नेली. ठेवली. तो हसला, तीही हसली आणि वळली.

दुसऱ्याच घासाला त्यानं चमचा खाली ठेवला. आवाज झाला नाही, पण तिला कळलं. तिनं मागे पाहिलं. त्याचे ओठ फुगत चालले होते, हात गळ्याशी गेला होता.

"पिशवी…" तो घरघरला. "पुढचा… कप्पा…"

तिनं पिशवी उपडी केली. पाने, स्क्रू… आणि जाड पेनासारखं एक इंजेक्शन. त्यानं मांडीच्या बाहेरच्या बाजूवर थाप मारली. टोपण काही केल्या निघेना.

"अहो, आमच्या सूपचं काय झालं?" पाठीमागून कोणीतरी ओरडलं.

तिनं टोपण ओढलं, पँटवरूनच इंजेक्शन दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. "श्वास घे," ती पुटपुटत होती, "घे ना रे… घे…" आपण त्याला अरेतुरे करतोय हे तिच्या गावीही नव्हतं. कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत त्याच्या छातीचा भाता जोरात, पण चालू राहिला.

ती ॲम्ब्युलन्समध्ये चढणार तोच मावशीनं तिचं कोपर पकडलं. मावशीची हनुवटी थरथरत होती.

"कोणी विचारलं तर म्हण, त्यानं सांगितलंच नव्हतं. हॉटेल बंद पडेल गं आपलं!"

तिनं कोपर सोडवून घेतलं.

हॉस्पिटलात त्याची मोठी बहीण धावत आली. तिनं आल्याआल्या विचारलं, "कोणी वाढलं त्याला?"

"मी." ती पुढे झाली. "त्यानं सांगितलं होतं, ताई. दर वेळी सांगतो. आज मी समोर उभी नव्हते. दुसऱ्याच्या शब्दावर प्लेट उचलली."

ताई तिच्याकडे बघत राहिली. आता ही थोबाडीत देणार, असंच तिला वाटलं.

"तो लहान होता तेव्हापासून आमच्या घरात दाणा येत नाही," ताई म्हणाली. "आणि हा थाई जेवायला जातो म्हटल्यावर मला वाटलं, याचं डोकं फिरलंय. आत्ता कळलं कशानं ते." तिनं डोळे पुसले. "माझा राग गेलेला नाही. पण जा आत. शुद्धीवर आहे."

तो उशांना टेकून बसला होता. चेहरा अजून सुजलेला.

"आमच्या हॉटेलात परत पाऊल टाकायचं नाही," ती दारातूनच म्हणाली.

"बरं." त्याचा आवाज बसला होता. त्यानं मान खिडकीकडे वळवली.

"भातासाठी जीव धोक्यात घालायचा? एवढा काय तो भात!"

"भात… जरा जास्तच तिखट असायचा."

"मग का यायचास?"

त्यानं चादरीची सुरकुती सारखी केली.

"बाहेर भेटू या, असं म्हणता येत नव्हतं?" आता तिला रडू आवरेना.

"दर वेळी तेच म्हणायला यायचो. पण तू समोर उभी राहिलीस की… तोंडातून ऑर्डरच बाहेर पडायची."

ती रडता रडता हसली. नर्सनं येऊन तिला बाहेर काढलं, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं.

मावशीनं तोवर सगळं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं होतं. कढई घासलेली होती; डाव मात्र तिनं दाण्याच्या कढईतला उचलला होता. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः हॉस्पिटलात गेली आणि त्याच्यापाशी नि ताईपाशी तिनं चूक कबूल केली.

त्याला हॉस्पिटलातून घरी सोडल्यावर भाची त्याच्या दाराशी उभी राहिली. त्यानं दार उघडलं.

"परवापासून मी हॉटेलात गेले नाही," ती एका दमात म्हणाली. "दाणे खाल्ले नाहीत. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेय. दातसुद्धा दोनदा घासलेत."

तो हसायला लागला. "अगं, घरात यायला एवढं लागत नाही!"

"घरात यायला नाही."

त्याचं हसू विरलं. तिनं नजर पायांकडे वळवली.

"मग… कशाला?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"आता तेही मीच सांगू?"

त्यानं तिचा हात धरून तिला आत घेतलं. दार लागलं खरं, पण दारापासून दोन पावलांवरच्या खुर्चीपर्यंत पोचायला दोघांना बराच वेळ लागला.